चांदणीने खाल्लेले बाफले

वृषे, ये बरं, अशी जवळ येऊन बस — म्हणजे कागद जवळ घे गं, चष्मा लाव. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा फोनवर काय म्हणालीस? “मामी, मी अजून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शेतकऱ्यांना चांदणीची गोष्ट सांगते. माझी पावडर जास्त झाली आणि गाय मरता मरता वाचली, म्हणून तुम्ही अर्धीच द्या.” अगं, बारा वर्षं झाली! इतकं खरं वागायला तुला कोणी सांगितलं होतं?

तुझा फोन ठेवला आणि माझा चहा गार झाला. कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या मामांनाही नाही — आज सकाळपर्यंत.

मला क्रमानं सांगू दे, नाहीतर मी भटकेन. तू जनावरांच्या डॉक्टरीचं शिकायला साताऱ्याहून इकडे हिंदी मुलखात आमच्याकडे राहायला आलीस. तेव्हा आपला गोठा सुदामा नगरच्या मागे होता, चार गाई, आणि त्यात चांदणी म्हणजे माझी महाराणी. ती व्याली आणि तू वही काढलीस. दाणा तोलून, भुसा तोलून! म्हणालीस, व्यालेली गाय स्वतःचं अंग झिजवून दूध देते, तिला वरून ताकद द्यायला हवी. सियागंजच्या बाजारातून डबा भरून ती क्षारांची पांढरी पावडर आणलीस आणि रोज मोजून घालू लागलीस. चांदणी आठवड्यात चमकायला लागली हो, खोटं का बोलू.

आणि मला — काय झालं होतं मला? तू आलीस की ती मान वळवायची. माझ्याकडे नाही, तुझ्या डब्याकडे. कितीही हसून सांगितलं तरी ते खुपायचंच.

मग मामांच्या साठीचं जेवण. दाल-बाफले, चुरम्याचे लाडू. नेमकी त्या दिवशी मॅच, अर्धी मंडळी आपापल्या घरच्या टीव्हीसमोरून उठलीच नाहीत. एवढं मोठं पातेलं उरलं. गाईचा घास तर आपण रोज काढतो, पण त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं की घासच का, सगळंच देऊ. तू जाताना बजावलं होतंस, “मामी, गव्हाचं जास्त नको हं, पोटात आंबतं.” मी मान डोलावली. आणि तू कॉलेजात गेल्यावर ते तुपात बुडालेले कणकेचे गोळे, ते बाफले, चाळीस तरी असतील, आणि वर लाडू — एकेक करून भरवले तिला. ती माझा हात चाटत होती, वृषे. मी काय खूश होते!

दुसऱ्या दिवशी तिनं रवंथ सोडला. पोट ढोलासारखं, कान गार, शेण पातळ आणि आंबट वासाचं, त्यात गव्हाचे गोळे. मी काय केलं सांगू? ते शेण डॉक्टर यायच्या आत मी स्वतः झाडून, धुऊन टाकलं. गुडघे दुखतात म्हणून एरवी झाडू हातात न धरणारी मी!

डॉक्टर साहेबांनी नळी घालून सोड्याचं पाणी पाजलं आणि विचारलं, “आटा-गेहूँ तो नहीं खिला दिया किसी ने?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “नहीं जी, रोज की दो रोटी.” किती सहज निघालं तोंडातून. तू पुढे आलीस, रडवेली, आणि म्हणालीस, “सर, माझी पावडर चालू आहे. जास्त झाली असेल.” मामांनी तो डबा उचलून नाल्यात रिकामा केला. “बस, हो गई डॉक्टरी,” असं म्हणाले तुला.

मी तेव्हाही गप्प.

पण खरी लाज याच्या पुढची आहे. चांदणी चार दिवसांत उठली, तू मात्र अंथरुणातून उठेनाशी झालीस. मग मी तुझ्याजवळ बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “होतं गं बेटा, शिकशील. मी नाही रागावले.” ऐकलंस? माझ्याच चुकीसाठी मी तुला मोठ्या मनानं माफ केलं! आणि तू माझ्या पाया पडलीस.

मला वाटायचं, जुनं झालं, गाय वाचली, तू मोठी साहेबीण झालीस, आता काय. परवा कळलं की तू गावोगाव अर्धी पावडर सांगत फिरते आहेस. म्हणजे किती गाई माझ्या त्या एका वाक्यामुळे व्यायल्यावर झिजल्या असतील? हिशेब तू कर, मला यायचा नाही. पण पुढच्या ट्रेनिंगला पूर्ण माप सांग आणि म्हण, चूक माझी नव्हती, माझ्या मामीनं पातेलं रिकामं केलं होतं. हसतील लोक. हसू देत, मीही हसेन त्यांच्यात.

आज सकाळी पोहे वाढताना मामांना सांगून टाकलं. यांचा चमचा हवेतच राहिला. मग म्हणाले, “उस बच्ची को मैंने क्या-क्या बोला था।” आणि पोहे तसेच ठेवून उठले. आता गच्चीवर फेऱ्या मारताहेत. तुला फोन लाव म्हणत होते. मी नको म्हटलं. फोनवर मी विषय बदलते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

माफ कर, असं लिहिणार नाही. एकदा तुला माफ करून मी पुरेसं पाप केलंय.

तू ये. या महिन्यातच ये. भांडायचं असेल तर भांडायला ये, दारातूनच सुरू केलंस तरी चालेल. पण ये.