गुण्यातला उजेड

भांडुपच्या आमच्या चाळीत दहावीचा निकाल लागला की पेढे घेऊन आधी एका मालवणी काकांकडे जावं लागे. ते कारखान्यात फिटर होते. पेढ्याला हात न लावता ते पोरापुढे कानस आणि लोखंडाचा तुकडा ठेवत. "मार्क ऱ्हवांदे. आधी हात बघूया."

घासून झालं की तुकड्याच्या कोनाला गुण्या लावून, एक डोळा मिटून, ते तो उजेडाकडे धरत. फटीतून उजेड दिसला नाही तर पोरगा पास. मग त्याला आयटीआयचा फॉर्म, बापाला चहा आणि यांच्या तोंडात पेढा.

मला एक्याऐंशी टक्के होते. पाऊण तास घासूनही गुण्यातून उजेडच उजेड. माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "ह्येका कॉलेजात घाला. दुसरा काय करतलात?" वडील मी नापास झाल्यासारखे मान खाली घालून घरी आले.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलाला पहिला वर्ग मिळाला. सगळी चाळ दाराशी जमली. त्याचा तुकडा उजेडाकडे धरून ते बराच वेळ उभे राहिले. गुण्या सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, तुकडा फिरवून पुन्हा लावला. शेवटी बायको म्हणाली, "अवो, पुरे आता."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो, तर ते जिन्यात माझी वाट बघत उभे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कॉलेजचो फॉर्म खंय मिळता रे? तुका ती वाट म्हायती आसा."