पुंगोलच्या घरातलं गरम पाणी

परदेशात, पुंगोलला नवा फ्लॅट घेतला तेव्हा अंघोळीचं पाणी विजेवर तापवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. "पुण्यात बाबांच्या गच्चीवर आहे तसा सोलर बसवू," बायको म्हणाली.

फ्लॅटचं काम करणाऱ्या तिथल्या कॉन्ट्रॅक्टरने नकारार्थी मान हलवली. "कॅनॉट लाह, नाही जमणार. इमारतीची गच्ची तुमची नाही."

मग मी हवेतली उष्णता ओढून कमी विजेत पाणी तापवणाऱ्या हीट पंपाची माहिती काढली. त्याने खिडकीबाहेरचा कट्टा दाखवला. एसीचं यंत्र बसल्यावर तिथे वीतभरही जागा उरत नव्हती.

"मग आता?" बायकोने मला विचारलं. शेवटी कॉन्ट्रॅक्टरकडचा विजेचा हीटरच लावला.

राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी ती थंड पाण्याने अंघोळ करून आली. मला तेही जमलं नाही; मी हीटरचं बटण दाबलं.