खिडकीतली बाई

शहरातले कर्णबधिर लोक तिला 'खिडकीतली बाई' म्हणत. म्हणत म्हणजे अर्थात हातांनी: हवेत एक छोटा चौकोन काढायचा आणि त्यात बोट टेकवायचं. सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दाखवत तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन असे आणि त्यात काळे कपडे घालून ती उभी असे. सभासद तोंडानं बोलत, ती तेच खुणांच्या भाषेत सांगे. सभागृहात बोलायला सगळेच जातात. ऐकायला कोण जातं त्याचा अजून पत्ता लागलेला नाही. ती मात्र दोन्ही बाकांवरचं सगळं ऐकत असे, कारण तिला त्याचाच पगार होता.

या कामाचा एक कडक नियम आहे. दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. सभासद 'मी' म्हणाला, की आपणही आपल्याच छातीला बोट लावून 'मी' म्हणायचं. त्यामुळे सकाळी ती मंत्री असे, दुपारी विरोधी पक्षाचा पुढारी, आणि संध्याकाळी घरी येऊन भांडी घासत असे.

ही भाषा तिला दादामुळे आली. थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि ही बोलायच्या आधी हात हलवायला लागली, असं आई सांगायची. दुकानदार, डॉक्टर, मास्तर, सगळ्यांशी दादाचं बोलणं हिच्याच हातांतून व्हायचं. लोक दादाबद्दल वाटेल ते त्याच्या तोंडावर बोलत, त्याला कुठे ऐकू येतंय म्हणून. तेव्हाच या चिमुरडीनं ठरवून टाकलं, की सगळंच काही दादापर्यंत पोचवायचं नाही. 'या ठोंब्याला काय कळणार' याचं तिच्या हातात 'जरा थांबा' व्हायचं. तिची माया खरी होती, यात मला तिळमात्र शंका नाही.

दादा मोठा झाला आणि सरकारी बाइंडिंग कारखान्यात लागला. तिथे बहुतेक सगळे कर्णबधिरच. शाळांची पुस्तकं, कचेऱ्यांची जाडजूड दप्तरं ते दोऱ्यानं शिवत, खळ लावत, पुठ्ठे चढवत. दादाच्या नखांत खळ कायम वाळलेली असे. पगार बेताचा, पण पाठ ताठ.

मग मंदी आली. आधी कापडाच्या गिरण्या थंडावल्या, मग हॉटेलं, मग नोकऱ्या गेलेली माणसं घरीच कपडे धुऊ लागली. या शेवटच्याची झळ तिच्या घराला लागली, कारण नवऱ्याची लाँड्री होती. इस्त्रीचं टेबल दुपारी रिकामं पडू लागलं. नवरा सरकारी पक्षाच्या बाजूचा झाला: कर कमी करा, माणसाचा पैसा माणसाच्या खिशात राहू द्या, मग दुकानं आपोआप चालतील. दादा विरोधी पक्षाच्या बाजूचा: लोकांनी हात आखडले असताना सरकारनंही आखडले, तर काम देणार कोण? आत्ताच खर्च करा, रस्ते बांधा, शाळा बांधा. सभागृहात जे चाललं होतं तेच दर रविवारी तिच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं, फक्त सभापती नव्हता.

दुभाषी मात्र तीच. तिचं ताट निवून जाई. नवरा म्हणे, "दादांना सांग, आमच्या करावर यांचा कारखाना फुकट पोसला जातोय." ती हातांनी सांगे, कारखान्याला खर्च फार येतो म्हणतात. दादा खुणावे, "तुझ्या नवऱ्याला धंदा करता येत नाही, म्हणून कराच्या नावानं गळा काढतो." ती तोंडानं सांगे, "दादा म्हणतोय, धंद्याला दिवस कठीण आहेत." दोघं मान डोलवत आणि पुढचा घास घेत. मेहुण्या-मेहुण्यांचं बरं जमतं, असं शेजारीपाजारी म्हणत.

करकपातीचा प्रस्ताव सभागृहात आला तेव्हा तूट भरून काढायला काय काय बंद करायचं, तेही त्यात होतं. बाइंडिंग कारखाना त्यात होता. दादाच्या पोटावर पाय येणार होता, आणि ते त्याला सांगायचं काम बहिणीकडे होतं.

मंत्री बोलायला उभे राहिले. माणूस खोटा नव्हता. बंद पडलेल्या दुकानांबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून आला. मग ते म्हणाले, "मी स्पष्ट सांगतो. असे कारखाने म्हणजे काम नव्हे, पगाराच्या नावाखाली घातलेली भीक आहे."

'भीक' म्हणायला हात पसरावा लागतो. तिचा हात पसरायला निघाला. त्याच क्षणी तिच्या डोळ्यांसमोर आलं, की कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत सगळे टीव्हीसमोर बसलेत आणि दादा पुढे आहे. हात मध्येच वळला आणि त्याची 'मदत' झाली.

संध्याकाळी बातम्यांत तेच भाषण पुन्हा दाखवलं, आणि खाली मंत्र्यांचे शब्द अक्षरांत उमटले. दादाला वाचता येत होतं.

तो तडक तिच्या घरी आला. नवरा आरामखुर्चीत होता. दादानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"भीक म्हणाले ना ते?"

"हो."

"आणि तू मदत म्हणालीस."

"तुला लागेल म्हणून, दादा."

"सगळ्या जगानं माझ्या वतीनं ठरवलं, याला काय झेपेल नि काय नाही. मी म्हणत होतो, एक तू तेवढी नाहीस त्यातली." मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं जेवणाच्या टेबलाकडे बोट केलं. "इथंसुद्धा?"

तिनं मान खाली घातली.

"विचार त्याला," दादा म्हणाला. "तो माझ्याबद्दल काय म्हणायचा ते पुन्हा म्हणू दे. तू नुसतं पोचव."

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो गडबडला, पण माघार घेणारा नव्हता. "फुकट पोसले जातात म्हणालो होतो," तो म्हणाला. तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. दादानं आपलंही वाक्य पुन्हा सांगितलं, आणि तिनं तेही नवऱ्याच्या तोंडावर उच्चारलं. मग दादा उठला आणि निघून गेला. तिला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मतदानाच्या दिवशी मंत्री पुन्हा बोलले, आणि या वेळी आणखी कडक. तिनं कॅमेऱ्यात सरळ पाहिलं. आपल्या छातीला बोट लावलं, मी, आणि हात पुरता पसरला, भीक. मी हे कारखाने बंद करतो. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याचा संतापही तिनं तेवढ्याच जोरानं सांगितला. प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर झाला; तेही तिनंच सांगितलं. बाहेर आल्यावर फोनवर दादाचा निरोप होता: "सगळं कळलं. रविवारी येतो."

रविवारी तो आला. नखं स्वच्छ होती. खळीचा मागमूसही नव्हता. कोणी वाद काढला नाही. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं चमचा खाली ठेवला.

"दादांना सांग," तो म्हणाला, "मला कर कमी व्हायला हवा होता. पण तुमचं काम जावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. रात्री झोप लागत नाही."

नवऱ्याच्या तोंडून असलं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं ते एकही शब्द न गाळता, एकही न घालता सांगितलं. दादा तिच्या हातांकडे पाहत राहिला. मग त्यानं विचारलं,

"हे त्याचं, की तुझं?"

"त्याचंच. शपथ."

दादानं मायेनं मान डोलवली, लहानपणी तिची थाप पकडल्यावर डोलवायचा तशी, आणि पुन्हा जेवू लागला. नवरा विचारत होता, "काय म्हणाले? काय म्हणाले दादा?"