सर, तुमचं चुकलं

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत ती पोरगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर संत्र्यांची पिशवी आणि हातात मोबाइल. त्याची काच ती सारखी ओढणीनं पुसायची. अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या तिच्या प्रवेशाचा निकाल आज येणार होता. बडनेरा यायच्या आत मी तिचा काका झालो आणि सल्लागारही. मी सांगितलेले मेल पाठवून माझ्या पुतण्याला दोनदा नकार आलाय, एवढा माझा अधिकार!

"जीआरईच्या परीक्षेत किती मार्क पडले?"

"बेताचेच, काका."

"मंग प्रोफेसरले गोड मेल धाडला असशीन?"

"गोड कायचा? त्यायनं एका लेखात लिवलं होतं, काळ्या मातीत संत्र्याले पाणी कसं द्याचं ते. वरूडले आमचा बगीचा हाय. मी लिवलं, सर, तुमचं चुकलं, अशानं आमची झाडं मरतात. फोटोबी धाडले."

मी कपाळाला हात लावला. "अवं, मोठ्या माणसाले असं लिवते का कोणी?"

"मंग खोटं लिवू काय? तवापासून ते सरच मले बगीच्याचं इचारून राहिले."

"इचारतीन. शेवटी मार्कच पायतात, बाई."

मूर्तिजापूरला मोबाइल वाजला. तिनं वाचलं, काच पुसून पुन्हा वाचलं आणि उठून ओरडली, "झाली अॅडमिशन! त्याच सरायकडं! स्कॉलरशिपसकट!"

ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. तिनं वाटलेली संत्री पार मागच्या सीटपर्यंत पोचली. सगळ्यात मोठं तिनं माझ्या हातात ठेवलं.

"घ्या काका, तुमचंबी चुकलं!"

ते सोलता सोलता मी मनातल्या मनात पुतण्याच्या पुढच्या मेलमधले सगळे 'आदरणीय' खोडत होतो.