वहिनीची टाकीतली गुरं

आमच्या थोरल्या वहिनीला कुणी विचारलं, काय काम करता, तर ती सरळ सांगते, "गुरं राखते." ही गुरं म्हणजे सांडपाण्याच्या टाकीतले जंतू. शहराची घाण खायची न् पाणी निवळ करायचं, हा त्यांचा धंदा. खाताना त्यांना हवा लागते. ती आमचा दादा ब्लोअर चालवून पुरवतो. वहिनी तिथली प्रयोगशाळा सांभाळते. म्हणजे घरी न् कामावर, दोन्हीकडे दादाला तिचंच ऐकावं लागतं. आणि हे तोच सगळ्यांना मिरवून सांगतो.

त्या सकाळी दादा मीटर बघून खूश. "अगं, टाकीत ऑक्सिजन दुप्पट झालाय! एक ब्लोअर बंद करतो."

"हात लावू नका."

तिनं टाकीतलं गढूळ पाणी बाटलीत घेतलं, खळाखळा हलवलं, मीटरची कांडी घालून तोंड बंद केलं. एरवी जंतू हवा ओढतात, आकडा बघता बघता उतरतो. आज जागचा हलेना.

"मीटर बिघडलं असेल."

तिनं शेजारच्या टाकीतलं पाणी घेतलं. तिथं दुसऱ्या वस्तीचं सांडपाणी येतं. आकडा सरसर उतरला.

"मीटर ठणठणीत आहे. अहो, गुरांनी तोंड फिरवलंय, न् तुम्ही खूश, की गव्हाणीत वैरण उरली!"

कुणीतरी गटारात विषारी काहीतरी सोडलं होतं. हा कळप मेला, तर नवा उभा राहीपर्यंत सगळी घाण थेट नदीत. वहिनीनं साहेबांना फोन लावला. "येणारं पाणी राखीव टाकीत वळवतेय."

"आधी विचारत जा, बाई."

"विचारलं की आत्ता. वळवलं पण."

साहेब हसले न् त्या पाण्याच्या वासाचा माग काढत एका कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

इकडे वहिनीनं शेजारच्या टाकीतला धडधाकट जंतूंनी भरलेला गाळ पंपानं आणून आजारी टाकीत सोडला. मग बाटली न् ती. हलव, कांडी घाल, बघ. दुसऱ्या दिवशीही आकडा ढिम्म. तिच्या जेवणाचा डबा दादा तसाच घरी परत आणायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादाच ओरडला, "उतरतोय गं! ओढतायत हवा!"

"बघितलं. आता रोजचं पाणी सोडा, पण बेतानं. दुखण्यातून उठलेल्या गुरापुढं कुणी भारा टाकतं का?"

एवढं बोलून तिनं डबा उघडला न् दादाच्या वाट्याचंही संपवलं.

आता ऑक्सिजन वर गेला, की दादा ब्लोअरकडे जात नाही. हाक मारतो, "अगं, गुरं जेवली का बघ!"