वर्गातून उठून गेलो तेव्हा

जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे, हा माझा लातूरचा धंदा. शून्यातून उभा केला. सौद्यात माझं एकच हत्यार: भाव जमेना की चपला घालून चालू लागायचं. दहा पावलांत मागून हाक येते, "अहो शेठ, या की!"

घरीही मी तेच केलं. भांडण झालं की "जातो कायमचा" म्हणून निघायचो. बायको मागं धावायची. एकदा धावली नाही. मुलीला घेऊन नांदेडला भावाकडे गेली. पुढं डॉक्टरांनी मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावनांना आवर न बसण्याचा मनाचा आजार, असल्याचं सांगितलं, तेव्हा मेहुणा चार पाहुण्यांत म्हणाला, "इंजिनातच बिघाड हाय म्हणा की." ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही. बायको मात्र एवढंच म्हणाली, "शिका, मग बघू."

शिकायचं म्हणजे हा आजार असलेल्यांसाठीचा ऑनलाइन वर्ग, दर मंगळवारी दुपारी. तिसऱ्या मंगळवारी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "राग येण्याआधी अंगात काय होतं?"

मी म्हणालो, "मॅडम, आमच्यात राग आधी येतो, अंग मागून येतं."

सगळे हसले. मला वाटलं, माझ्यावरच हसले. "तुमचा वर्ग तुम्हालाच लखलाभ!" म्हणून मी बाहेर पडलो आणि हाकेची वाट बघत बसलो. फोन नाही, मेसेज नाही. छाती धडधडायला लागली, हात गार पडले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग डोक्यात उजेड पडला: बाईंनी विचारलं होतं ते हेच की!

शरमत पुन्हा लिंक दाबली. बाई म्हणाल्या, "या. तुमचंच राहिलंय, सांगा." टोमणा नाही, समजूत नाही. उदगीरच्या एक ताई म्हणाल्या, "मी तर दोनदा पळालेय, भाऊ. लाजू नका." त्या दोघींचे उपकार मी जन्मभर मानीन.

महिन्याभरानं बायकोचा फोन आला. "रविवारी या. पण मुक्काम न्हाई, संध्याकाळच्या गाडीनं परत."

'मग येतच नाही' हे शब्द पार ओठांवर आले. मी म्हणालो, "मला राग आलाय. दहा मिनिटांनी फोन करतो." ट्रॅक्टरांभोवती फेऱ्या मारल्या, हातांवर गार पाणी घेतलं आणि फोन लावला.

"अहो, आठच मिनिटं झाली," ती म्हणाली.

"राहवलं न्हाई. येतो मी. संध्याकाळी परत जातो."

ती म्हणाली, "बरं. जेवायलाच या."

रविवारी गेलो. मेहुण्याशी बोललो नाही. मुलगी माझ्या ताटातून भजी उचलून खात होती. संध्याकाळी बायको स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "पुढल्या रविवारी काय करणार हाय?"