दक्षिणेकडची विंडो

माधवीला सगळ्यात जास्त किळस यायची ती डोळ्यांची.

इंदापूरच्या स्टँडमागे विजयसिंहचं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, निवड, दहावा, वर्षश्राद्ध. लोक फोटो मोबाइलवर पाठवत. काही घरांत मेलेल्या माणसाचा एक धड फोटो नसे. मग तिरडीवरचा येई. नाकातला कापूस काढायचा, मिटलेले डोळे उघडायचे, गाल उजळायचे. हे सगळं माधवी करायची. बारामतीत बीए करून ती या कामाला लागली होती.

त्या घाणीत तिनं आपल्यापुरती एक शिस्त लावून घेतली होती. कॉम्प्युटर सुरू केला की दोन फोल्डर उघडायची. जिवंतांची विंडो डावीकडं, मयतांची उजवीकडं. दोन्ही अर्ध्या अर्ध्या स्क्रीनच्या, मधे फट नाही. टेबलाचं तोंड पूर्वेला होतं. म्हणजे उजवा हात दक्षिणेला, यमाच्या दिशेला. ते कुणालाच खटकत नव्हतं. फोटो साफ करायचा, नाव-गाव घालायचं आणि ओढून त्या त्या विंडोत टाकायचा. पलीकडच्या खोलीत बसलेला सार्थक तिथून फोटो उचलायचा. जिवंतांच्या फोल्डरातल्याला गुलाल, मयतांच्या फोल्डरातल्याला हार आणि समई. तो कधी काही विचारत नसे. माधवीचा हातही आता न बघता चालायचा.

मग विजयसिंहनं वास्तूवाला आणला. त्यानं टेबल पश्चिमेकडं फिरवायला सांगितलं. टेबल फिरलं. दुसऱ्या दिवशी विजयसिंह तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तोंडात गुटख्याचा तोबरा.

"मयताची विंडो आता उत्तरंला आली की गं."

"दादा, ती स्क्रीनवर हाय. तिला कसली दिशा?"

"कुबेराची बाजू हाय ती. तितं मढी नकोत. मयत डावीकडं घे."

"माझा हात बसलाय. चूक होईल."

"मग हात दुसरा बसव."

माधवीनं मयतांची विंडो डावीकडं घेतली, जिवंतांची उजवीकडं. एवढ्यावर भागलं नाही. स्क्रीनवर मागं त्यानं स्वतःचा फोटो लावून ठेवला होता. पांढरा शर्ट, गॉगल, जोडलेले हात. विंडोंमुळे तो झाकला जात होता. त्यानं माउस घेतला, कडा धरून एक विंडो आत दाबली, मग दुसरी. दोन्ही इतक्या अरुंद केल्या की फोल्डरचं नाव मधेच तुटलं आणि चेहऱ्यांचे नुसते ठिपके उरले. एक या कडेला, एक त्या कडेला. जिवंत आणि मेलेले दोघंही बाजूला सरून उभे, मधे हा. माउसवर त्याच्या बोटांचा लालसर चिकटा राहिला. माधवीनं तो ओढणीनं पुसला. मग तिला ओढणीचीच घाण वाटायला लागली.

ती विंडो मोठ्या करायची. तो चहा पिऊन आला की पुन्हा बारीक करायचा.

त्याच आठवड्यात वरकुट्याच्या जयवंता आबांचा फोटो आला. पंचाहत्तरीचा बोर्ड करायचा होता. डाळिंबाच्या बागेत उभे, टोपी तिरकी, हसरे. माधवीनं फोटो साफ केला आणि जुन्या सवयीनं डावीकडं ओढला.

आबा तेव्हा बारामतीला दवाखान्यात होते. छातीत दुखलं होतं, आता बरे होते. त्यांची बायको छबूबाई त्यांना जेवू घालून एसटीनं गावी आली, त्यांचे नवे कपडे न्यायला. फाट्यावर उतरली तर समोर बांबूवर आबा. दुकानाची पोरं नुकतीच बोर्ड लावून गेली होती. गळ्यात हार, बाजूला समई. तिला वाचता येत नव्हतं, पण समई कळत होती. तिला वाटलं, आपण गाडीत बसलो आणि मागं हे झालं. ती तिथंच रस्त्यात बसली. कुणी दंडाला धरलं. एक बाई तर कुंकू पुसायला पदर घेऊन पुढं झाली. शेवटी मुलानं दवाखान्यात फोन लावून आबांचा आवाज ऐकवला.

दुसऱ्या दिवशी छबूबाई दुकानाच्या दारात उभी राहिली.

"आमच्या मालकांचा बोर्ड कुणी केला?"

"ह्या पोरीनं," विजयसिंह बसल्या जागेवरून म्हणाला. "लक्षच नसतंय कामात. काढूनच टाकतो तिला, काकी."

माधवी उठली. "व्हय मावशी. हात माझाच. पण बाजू मी बदलली नव्हती." मग तिनं छबूबाईला आत बोलावलं आणि स्क्रीन दाखवली. आधी काय कुठं होतं, आता काय कुठं आहे, सगळं सांगितलं.

छबूबाईनं वाकून बघितलं.

"आन ह्यो मधी कोन बसलाय?"

सार्थक पलीकडच्या दारात तोंड दाबून हसला. विजयसिंहही हसला.

"सोडा की काकी. मेल्याची आवई उठली की मानसाचं आयुष्य वाढतंय. आबा शंभरी गाठत्याल. उलट माझं आभार माना."

"व्हय का?" छबूबाई शांतपणे म्हणाली. "मग तुमचा बी एक लावा की. त्याच फाट्यावर, समई ठिवून. तुमचं बी वाढंल."

"काय बोलता काकी."

"लाव गं पोरी. फोटू हितंच हाय."

माधवीनं माउसवर हात ठेवला. आपण खरंच लावणार आहोत का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. विजयसिंह ताडकन उठला. तिचा हात तसाच दाबून त्यानं माउस हिसकावला आणि एकामागून एक दोन्ही विंडो बंद केल्या. त्याचा तळवा घामानं थबथबला होता.

"असं अभद्र बोलू न्हाय," तो म्हणाला. आवाज चिरकला होता.

"मी बोलले. तुमी तर लावलं."

माधवीनं आपल्या हाताकडं बघितलं. मढ्यांची तोंडं पुसताना तिला इतकं गलिच्छ कधी वाटलं नव्हतं. तिनं डबा पिशवीत टाकला.

"कुठं निघालीस? हे एवढं फोटो कोन बघनार?"

"खुर्ची मोकळी हाय. बसा."

बाहेर आल्यावर ती छबूबाईला म्हणाली, "मावशी, मी येते दवाखान्यात. आबांची माफी मागायचीय."

"ये. पन बोर्डाचं काढू नगंस. त्यास्नी कायबी ठाऊक न्हाय."

"मग मी काय म्हणू?"

छबूबाई स्टँडाकडं वळली.

"जेवलात का, म्हन."